गवत, कौल, स्लॅब आणि वर पुन्हा पत्रा

रत्नागिरी, गुहागर, दापोली, कुठल्याही वाडीत जा, गेल्या तीसेक वर्षांत बांधलेलं एक तरी घर असं दिसतंच: चिऱ्याच्या, म्हणजे तासलेल्या दगडी ठोकळ्यांच्या, भिंती, त्यावर सिमेंटचा सपाट स्लॅब आणि स्लॅबवर लोखंडी पाइप उभे करून चढवलेलं निळं नाहीतर लाल पत्र्याचं उतरतं छप्पर. पहिल्यांदा येणारा पाहुणा हमखास विचारतो, वरचा मजला अर्धवट राहिला का? राहिलेला नसतो. घर पुरं झालेलं असतं. एका घराला दोन-दोन छपरं का लागली, हे कळायला बरंच मागे जावं लागतं.

सुरुवात पावसापासूनच करायला हवी. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. शिवाय तो सरळ पडत नाही. समुद्रावरून वारा सुटला की आडवी झड येते आणि भिंतीच्या भिंती भिजतात. त्यामुळे कोकणातलं जुनं घर म्हणजे आधी छप्पर आणि मग बाकीचं. मधलं आढं उंच, दोन्हीकडे वासे उतरत उतरत इतके खाली आलेले, की पडवीत शिरताना उंच माणसाने मान वाकवायलाच हवी. पुढे खळं म्हणजे अंगण, मग पडवी, ओटी, माजघर, मागे स्वैंपाकघर, बाजूला वळई, आणि मागच्या पडवीला न्हाणी. मधल्या मातीच्या भिंतीला पाऊस लागू नये म्हणून चारी बाजूंनी पडव्यांचं कडं. त्यातूनही झड आत येऊ नये म्हणून मृगाच्या आधी पडवीला विणलेली झापं बांधायची. पागोळ्यांचं पाणी जिथे पडतं तिथे दगड लावायचे, नाहीतर जोतं खचतं. ही सगळी अक्कल कुणी कागदावर काढून दिलेली नव्हती. सुताराच्या हातात होती.

छपरावर काय घालायचं हा मात्र पैशाचा प्रश्न. बहुतेकांच्या घरावर गवत, भाताचा पेंढा किंवा माडाची झापं. ते दर वर्षी बदलावं लागे. त्या कामाला शाकारणी म्हणतात आणि कौलं आल्यावरही शब्द तोच टिकला. ज्यांची ऐपत होती त्यांच्या घरावर कुंभाराने चाकावर घडवून भट्टीत भाजलेली नळीची कौलं. ही कौलं छोटी, अर्धगोल, एकावर एक नुसती रचलेली. मांजर धावलं तरी सरकायची. त्यांचीही शाकारणी दर उन्हाळ्यात ठरलेली.

भिंतीचा दगड मात्र पायाखालीच होता. जांभा. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टराने 1800 च्या सुमारास केरळात अंगाडिपुरमजवळ हा दगड पाहिला आणि 1807 साली छापलेल्या प्रवासवर्णनात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला ‘लॅटेराइट’ नाव दिलं. विटेची आठवण झाली ती उगाच नाही. जमिनीतून काढताना जांभा इतका मऊ असतो की हत्याराने तासून चिरे पाडता येतात, आणि वाऱ्या-उन्हात पडून राहिला की कडक होत जातो. भोकाभोकांचा असल्यामुळे पाणी मात्र पितो. म्हणून जुन्या बांधकामात उघड्या भिंतीला चुन्याचा गिलावा असे, आणि नसेल तिथे पावसाळ्यात भिंत शेवाळून हिरवी-काळी होते. सावंतवाडीचा राजवाडा या दगडाचा, कुंपणाचे गडगे या दगडाचे, विहिरी आणि पाखाड्या म्हणजे दगडी पायवाटाही याच्याच. ज्या सड्यांवरून, म्हणजे उघड्या कातळाच्या माळांवरून, तो निघतो त्याच सड्यांवर बारसू, देवाचे गोठणे, कशेळी अशा ठिकाणी हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं कोरलेली आहेत. 2022 मध्ये त्यांचा युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला. चिरेखाणीवर आता यंत्राची पाती फिरतात, त्यामुळे सडा पूर्वीपेक्षा फार भराभर संपतो. हा वेगळा विषय आहे, पण घराच्या गोष्टीत तो येतोच.

चिरा घरासमोर निघतो म्हणून तो सगळ्यांच्या घराला लागला असं समजू नये. चिरे पाडायला, वाहायला, बसवायला माणसं लागतात आणि माणसांना मजुरी. खोताचं, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराचं, घर चिऱ्याचं, उंच जोत्याचं, फणसाच्या नाहीतर सागाच्या खांबांचं. त्याची जमीन कसणाऱ्या कुळाचं घर कुडाचं किंवा मातीचं, वर गवत. घर कसं बांधायचं यात ज्ञानाइतकाच वाटा जमीन कुणाच्या नावावर आहे याचा होता. ज्याची जागाच दुसऱ्याची, तो कायमचं घर कशाला बांधेल? खोती रद्द करण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं होतं. कायदा व्हायला 1949 उजाडलं. कोकणात पारंपरिक घर म्हणून ज्याचे फोटो काढले जातात ते बहुतेक वेळा वरच्या वर्गाचं घर असतं, हे लक्षात ठेवलेलं बरं. गवताची घरं मागे काही ठेवत नाहीत, त्यामुळे त्यांचे फोटोही नाहीत.

मग आलं मंगलोरी कौल, आणि कोकणाच्या छपराचा रंगच बदलला.

1865 साली बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या गेओर्ग प्लेब्स्ट याने मंगळूरला जेप्पू भागात कौलांचा कारखाना काढला. कल्पना मूळची फ्रान्समधल्या गिलार्दोनी बंधूंची: सपाट कौल, कडेला खोबण, एकाची खोबण दुसऱ्याच्या कडेत अडकते. नळीच्या कौलासारखा दुहेरी थर नको, सरकणं नाही, छप्पर हलकं. नेत्रावतीची माती आणि मंगळूरचं बंदर हाताशी होतं. 1868 मध्ये आल्बुकर्क यांचा कारखाना निघाला आणि पुढे त्या गावात कारखान्यांची रांगच लागली. कौलं गलबतांत भरून किनाऱ्याने उत्तरेकडे, थेट मुंबईपर्यंत जात. कोकणात तेव्हा घाटावरून जड माल आणणं महागाचं आणि समुद्राने आणणं सोपं. बंदरात उतरलेलं कौल मचव्यातून खाडीने आत जाई आणि पुढे बैलगाडीने किंवा डोक्यावरून. जे गाव खाडीच्या जवळ त्याच्या घरांवर कौलं लवकर आली.

आमच्या जुन्या घराचं छप्पर उतरवलं तेव्हा वळईवरच्या एका कौलाच्या पाठीवर इंग्रजी अक्षरांत बासेल मिशनचं नाव आणि 1865 असं उमटवलेलं निघालं. घरात एकच आनंद: आपलं घर 1865 चं! काकांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवलं. तो आकडा कारखान्याच्या स्थापनेचा, कौलाचा नव्हे, हे मी सांगितलं आणि दिवसभर कुणी माझ्याशी धड बोललं नाही. अशी ‘1865 ची’ घरं किनाऱ्यावर बरीच असावीत.

कौलांना पैसा कुठून आला? मुख्यतः मुंबईतून. गिरणीत, गोदीत, पोलिसांत गेलेल्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरीतून आधी कर्ज फिटे, मग गवत उतरून कौल चढे. ‘कौलारू घर’ हे आज आपल्याला जुनं, हळवं वगैरे वाटतं. तेव्हा ती सुधारणा होती, कारखान्यात तयार झालेली, बोटीने आणलेली. गवताला आग लागे, कौलाला लागत नाही, एवढं एक कारणही पुरेसं होतं. सरकारी बांधकामांनीही तीच वाट धरली. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा 1886 पासून रत्नागिरीत नजरकैदेत होता. त्याच्यासाठी 1910 मध्ये बांधलेला राजवाडा पाहिला की दिसतं, इंग्रजांनी पैसे खर्चूनही छप्पर उतरतंच ठेवलं.

सपाट छप्पर खरं तर सिमेंटच्या आधीही माहीत होतं. देशावरची धाब्याची घरं काही कोकण्यांनी पाहिली नव्हती असं नाही. ती इथे चालणार नाहीत म्हणून कुणी बांधली नाहीत. मुंबईने हे शहाणपण मोडलं. चाकरमानी ज्या इमारतीत राहत होता तिला गच्ची होती. गावी घर बांधायचं तर तसंच, ही इच्छा स्वाभाविक होती. अडलं होतं ते सिमेंटवर. सिमेंट बरीच वर्षं नियंत्रणाखाली, परवान्यावर मिळे. 1982 मध्ये नियंत्रण अर्धंमुर्धं उठलं, 1989 मध्ये पूर्ण. त्याच सुमारास रस्ते आतवर पोचले होते, आणि 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. पूर्वी बंदरातून आत येणारा माल आता ट्रकने थेट खळ्यात उतरू लागला. नव्वदीनंतरच्या घरांवर स्लॅब का दिसतो याचं उत्तर बरंचसं या दोन-तीन तारखांत आहे.

पण नुसत्या हौसेवर बोट ठेवणं अन्यायाचं होईल. कौलारू घर राखायला माणसं लागतात. पोरं मुंबईला, घरात दोन म्हातारी. शाकारणीला चढणार कोण? वाडीतला जो चढायचा त्याचे गुडघे गेले. त्यात माकडं. एक टोळी छपरावरून गेली की दहा-वीस कौलं फुटतात आणि जूनच्या पहिल्या सरीला माजघरात बादल्या. ज्यांनी हे काढलेलं नाही त्यांनी कौलारू घराच्या रक्षणावर भाषण करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिसरं कारण कुणाच्या ध्यानात येत नाही: चूल गेली. जुने सुतार सांगतात की चुलीचा धूर वाशांतून फिरून कौलांच्या फटीतून बाहेर पडे, त्याने लाकूड कोरडं राही आणि भुंगा, वाळवी लांब राही. गॅस आला, भांडी काळी व्हायची थांबली, बायकांचे डोळे वाचले, आणि वासे पोखरायला लागले. घरातली एक गोष्ट बदलली की दुसरी कुठेतरी ढिली पडते, ती अशी.

शासनाच्या भाषेतही मातीची भिंत म्हणजे ‘कच्चं’ घर. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार रुपये मिळू लागले आणि किमान क्षेत्रफळ ठरलं 25 चौरस मीटर. त्यात डोक्यावर पक्कं छप्पर येतं, ही मोठीच गोष्ट आहे. पडवी बसत नाही. मग भात झोडायचा कुठे, लाकडं भिजू द्यायची का, हा प्रश्न घर मिळालेल्याने आपापला सोडवायचा.

आता स्लॅब का गळतो ते. सपाट छपरावर पाणी साचतं. काँक्रीटला केसाएवढ्या भेगा असतातच, त्यातून पाणी झिरपतं. समुद्राकाठी त्याच्यासोबत हवेतला खारही आत जातो आणि लोखंडी सळईला गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, त्यामुळे तो आतून काँक्रीटला फोडतो. वरच्या खोलीत पंख्याशेजारी आधी पिवळा डाग, मग पोपडा, मग एका रात्री हातभर तुकडा खाली. वाळूही बघावी लागते. खाडीची खारी वाळू स्वस्त पडते म्हणून वापरलेली असली तर गंजाचं बी बांधतानाच पेरलेलं असतं. आमच्याकडे ठेकेदाराने वाळू कुठली आणली होती हे बारा वर्षांनी छताने सांगितलं. त्यावर डांबर झालं, वॉटरप्रूफिंगचे तीन प्रकार झाले, दर दोन वर्षांनी डाग आपला तिथेच. शेवटी वाडीतल्या पोराने फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलं. चार दिवसांत पाइप उभे राहिले, पत्रा चढला, आणि छत गळायचं थांबलं.

म्हणजे स्लॅबने जे काढून टाकलं होतं ते उतरतं छप्पर पत्र्याच्या रूपाने परत आलं, फक्त एक मजला वर सरकून. पत्र्याच्या कडा भिंतीबाहेर दोन-अडीच हात काढतात, पागोळ्या पुन्हा लांब पडतात, भिंत पुन्हा कोरडी राहते. दोन छपरांमधून वारा फिरत असल्यामुळे मे महिन्यात खालची खोलीही जरा बरी. सरी कोसळताना मात्र पत्र्याखाली बोललेलं ऐकू येत नाही. आणि वादळात पत्राच आधी उडतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा श्रीवर्धन, दापोली, मंडणगडकडे कौलं आणि पत्रे दोन्ही गेले. पाऊस सुरू झालेला, आणि बाजारात ना कौल मिळे ना पत्रा. मंगळूरचे बरेच कारखाने मातीअभावी आणि खपाअभावी आधीच बंद पडले होते. त्या पावसाळ्यात ज्यांच्या डोक्यावर स्लॅब होता ते आत कोरडे, निदान जिवाच्या बाबतीत निर्धास्त होते, हेही सांगायला हवं.

कौलं अगदीच संपलेली नाहीत. जुन्या घरांची उतरवलेली कौलं आणि खांब विकत घेणारे लोक फिरतात. ती किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांना जातात, तिथे तिरक्या काँक्रीटवर कौलं नुसती सिमेंटने चिकटवलेली असतात आणि फलकावर ‘अस्सल कोकणी घर’ असं लिहिलेलं असतं. आत एसी. खोबणीत खोबण अडकवण्याची ज्या कौलाची सगळी करामत, त्याला शोभेच्या फरशीचं काम. पाणी अडवायला खाली काँक्रीट आहेच.

आमच्या घराच्या स्लॅबवर पत्रा चढला त्याला आता सात वर्षं झाली. त्या जागेला घरात अजून नाव नाही. कुणी गच्ची म्हणतं, कुणी शेड, आजी माळा म्हणते. मेमध्ये तिथे आमसुलं वाळत घालतात आणि अवचित सर आली तरी उचलायची धावपळ होत नाही. लाकडं आणि सुकी झापं एका कोपऱ्यात रचलेली असतात. गणपतीत मुंबईची मंडळी आली की सतरंज्या तिथेच पडतात, आणि मृगाच्या आधी पश्चिमेच्या बाजूला, जिथून झड येते तिथे, काका हिरवं शेडनेट बांधून घेतात.