सीके-एमबी वाढलं म्हणून वासराचं हृदय बिघडलं असं नाही

न्यूमोनियाच्या वासराचा रिपोर्ट येतो, सीके-एमबी या स्नायूंतल्या एन्झाइमपुढे वरचा बाण असतो आणि लगेच निदान होतं: "हृदयावर आलंय." हे इतक्यांदा ऐकलंय की आता सविस्तर लिहितोच.

सीके म्हणजे क्रिएटिन कायनेज, स्नायूंतलं एन्झाइम; एमबी हा त्याचा एक प्रकार. स्नायू दुखावला की रक्तात उतरतं, गुरांत काही तासांतच निम्मं होतं. एएसटी आणि एलडीएच ही रिपोर्टातली दुसरी एन्झाइमं तर यकृतातूनही येतात, हृदयासाठी ते बघूच नका.

खरी गोची एमबीत आहे. सीकेचा रेणू दोन भागांचा, प्रत्येक भाग एम किंवा बी; म्हणून एमएम, एमबी अशा जोड्या. अंगाच्या स्नायूंत बहुतेक एमएम, हृदयात एमबीचा वाटा त्या मानाने जास्त. म्हणून एमबी म्हणजे हृदय, असं गणित मांडलं जातं. पण बऱ्याच ठिकाणी एमबी थेट मोजतच नाहीत. अँटिबॉडीने एम बंद करतात, उरलेली क्रिया मोजतात आणि दुप्पट करून एमबी म्हणून छापतात. ही अँटिबॉडी माणसाच्या एमसाठी बनवलेली. वासराच्या एमला ती पुरती चिकटली नाही, तर एमएमची उरलेली क्रियाही एमबीच्या खात्यात जमा होते. त्यात वासरू तीन दिवस आडवं पडलेलं, मानेत नि मांडीत रोज इंजेक्शन. एकूण सीके आधीच चढलेलं, मग ही चूकही तेवढीच फुगते. कधी कधी एमबीचा आकडा एकूण सीकेपेक्षाही मोठा येतो. भाग अख्ख्यापेक्षा मोठा कसा असेल? असा रिपोर्ट सरळ बाजूला ठेवावा.

हृदयाची इजा बघायची तर ट्रोपोनिन आय मोजावं. हे एन्झाइम नाही. स्नायूचं आकुंचन सांभाळणारं ते प्रथिन, आणि त्याचा हृदयातला प्रकार अंगाच्या स्नायूंत नसतो. मांडीतल्या इंजेक्शनने ते वाढत नाही. सस्तन प्राण्यांत त्याची रचना इतकी सारखी आहे की माणसांच्या किटवरही वासराचं मोजता येतं. मात्र माणसाची मर्यादा वासराला लावू नका आणि दोन वेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी ताडू नका.

ट्रोपोनिन वाढलं की "हार्ट अटॅक" म्हणणंही मला खटकतं. न्यूमोनियाच्या वासरात हृदयाची रक्तवाहिनी तुंबलेली नसते. ऑक्सिजन कमी पडतो, जंतूंची विषं रक्तात भिनतात, त्याने हृदयाच्या पेशी दुखावतात. हिस्टोफिलस सोम्नाय हा जंतू तर थेट हृदयाच्या स्नायूत घुसतो. इजा झाली एवढंच ट्रोपोनिन सांगतं. कशाने झाली, हे वासरू तपासूनच कळतं.

नळीभरच रक्त असेल तर मी ट्रोपोनिन आय आणि एकूण सीके मागतो, एमबी खोडतो. धाप लागलेल्या, अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या वासरात हे दोन्ही चढलेले दिसले, तर सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाच्या कमतरतेचाही विचार करा. त्यात हृदयाचा स्नायूच पांढरा पडतो आणि बाहेरून ते हुबेहूब न्यूमोनियासारखं दिसतं.