चक्रीय अर्थव्यवस्था

चक्रीय अर्थव्यवस्था : निसर्गातून काढलेला पदार्थ एकदा वापरून टाकून न देता अखंड वस्तू, सुटे भाग किंवा कच्चा माल या रूपांत शक्य तितका काळ वापरात ठेवणारी उत्पादन व उपभोगाची व्यवस्था. खाणीतून कारखान्यात आणि तिथून कचराभूमीत जाणाऱ्या एकेरी वाटेला पर्याय म्हणून ती मांडली जाते. संज्ञा रूढ झाली असली तरी तिचा अर्थ अजून स्थिरावलेला नाही. किरशर, राइके व हेकर्ट या संशोधकांनी २०१७ साली ११४ व्याख्या तपासल्या. त्यांपैकी बऱ्याच व्याख्या पुनर्चक्रीकरणापाशीच रेंगाळत होत्या आणि मुळात वापर घटवण्याचा विचार मागे पडत होता.

उगम : संकल्पनेच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. अनेक लेखक सुरुवात अर्थतज्ज्ञ केनेथ बोल्डिंग यांच्या १९६६ च्या निबंधापासून करतात. पृथ्वी हे मर्यादित शिधा असलेले अवकाशयान असून माणसाने चक्राकार परिसंस्थेत आपली जागा शोधली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. मात्र त्यांनी योजलेले नाव ‘अंतराळवीराची अर्थव्यवस्था’ असे होते. आजची संज्ञा डेव्हिड पिअर्स व केरी टर्नर या अर्थतज्ज्ञांच्या १९९० च्या पाठ्यपुस्तकात ठळकपणे येते, म्हणून तिचे श्रेय बहुधा या दोघांना मिळते. तिसरा दावा स्विस वास्तुविशारद वॉल्टर स्टाहेल यांचा. झेनेव्हिएव्ह रेडे यांच्यासह त्यांनी १९७६ मध्ये युरोपीय आयोगासाठी अहवाल तयार केला. उद्योगांत लागणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण तीन-चतुर्थांश ऊर्जा मूळ पदार्थ तयार करण्यात आणि एक-चतुर्थांश त्यांपासून वस्तू घडवण्यात खर्च होते. मनुष्यबळाचे प्रमाण जवळजवळ उलट असते, असे त्यांनी दाखवले. वस्तूचे आयुष्य वाढवले की ऊर्जा वाचते आणि रोजगार वाढतो, हा त्याचा सरळ निष्कर्ष. नावापेक्षा कार्यपद्धतीला महत्त्व दिल्यास स्टाहेल यांचे पारडे जड ठरते. प्रत्यक्ष व्यवहार तर या सर्वांहून जुना आहे. कारखान्यांतील टाकाऊ पदार्थांच्या उपयोगांवर पीटर लंड सिमंड्स यांचा ग्रंथ १८६२ सालचा आहे.

पुनर्चक्रीकरण : दुरुस्ती, पुनर्वापर व पुनर्निर्मिती (जुनी वस्तू सुटी करून पुन्हा नव्यासारखी घडवणे) यांनंतरचा हा मार्ग. आधीच्या मार्गांत वस्तूवर झालेली मेहनत शाबूत राहते. इथे ती वितळते आणि फक्त पदार्थ उरतो. तरीही बचत मोठी असते. भंगारापासून ॲल्युमिनियम करताना धातुकापासून करण्याच्या तुलनेत सुमारे ९५% ऊर्जा वाचते. कागदाचा तंतू मात्र दर फेरीत आखूड होत जातो. पोलादाची अडचण वेगळी आहे. चिरडलेल्या मोटारीच्या भंगारात वायरिंगचे तांबे राहून जाते. ते एकदा वितळलेल्या पोलादात उतरले की परवडेल अशा रीतीने वेगळे काढता येत नाही आणि तापलेले पोलाद लाटताना पृष्ठभागावर तडे जातात. अशा पोलादाच्या बांधकामाच्या सळ्या होतात, पण मोटारीचा पत्रा होणे कठीण. गाडी चिरडण्यापूर्वी वायर उपसून काढली तर हे टळते, आणि ती सहज उपसता येईल की नाही हे आरेखनाच्या टेबलावरच ठरलेले असते. पुनर्चक्रीकरणाच्या चर्चेत ही बाब हवी तितकी येत नाही.

धोरणे : वापरानंतरच्या वस्तूचा भार उत्पादकाने उचलावा, हे तत्त्व टोमास लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये स्वीडनमध्ये मांडले. जर्मनीने १९९१ च्या अध्यादेशाने ते वेष्टनांना लागू केले. पदार्थचक्राचा व्यापक कायदा तिथे १९९६ मध्ये अंमलात आला. जपानचा पायाभूत कायदा २००० सालचा, चीनचा कायदा २००९ पासून लागू. युरोपीय संघाने २०१५ व २०२० मध्ये कृती आराखडे आणले. प्लॅस्टिक वेष्टनांसाठी भारताची उत्पादक-जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वे २०२२ ची आहेत. उत्पादक वापरलेल्या वस्तू गोळा करणाऱ्या एका सामाईक संस्थेला वजनानुसार शुल्क भरून मोकळे होतात, तेव्हा चांगल्या आरेखनाचा लाभ ते करणाऱ्याला मिळत नाही. म्हणून दुरुस्तीयोग्य वस्तूला कमी शुल्क, ही सुधारणा आवश्यक वाटते.

औद्योगिक सहकार्य : एका कारखान्याचा टाकाऊ पदार्थ दुसऱ्याने वापरण्याच्या या पद्धतीचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण डेन्मार्कमधील कालुंदबोर्ग शहराचे. भूजल वाचवण्यासाठी तिथे १९६१ मध्ये तिस्सो सरोवराचे पाणी तेलशुद्धीकरण कारखान्याकडे वळवण्यात आले. १९७२ पासून त्या कारखान्याचा जादा वायू शेजारच्या प्लास्टरबोर्ड (भिंतींसाठीचे जिप्समचे तक्ते) कारखान्याला मिळू लागला. पुढे वीजकेंद्राच्या धुरातील सल्फर डायऑक्साइड चुन्याने शोषून जिप्सम तयार होऊ लागले आणि खाणीतल्या जिप्समऐवजी तेच बोर्डसाठी वापरले गेले. हे जाळे कोणत्याही सरकारी आराखड्यातून आले नाही. दोन-दोन कारखान्यांच्या व्यवहारी करारांतून ते वाढले. वरून आखलेल्या अशा अनेक औद्योगिक वसाहती इतक्या रुजल्या नाहीत, त्यामागे हेही एक कारण असावे.

मर्यादा : पदार्थही ऊर्जेप्रमाणे विखुरत जातो, त्यामुळे चक्र पूर्ण होऊ शकत नाही, असा आक्षेप अर्थतज्ज्ञ निकोलस जॉर्जेस्कू-रोगेन यांनी घेतला होता. पुरेशी ऊर्जा मिळाल्यास विखुरलेले गोळा करता येते, हे त्यावरचे उत्तर तत्त्वतः ग्राह्य वाटते. झिंक व गायर या संशोधकांचा २०१७ चा मुद्दा अधिक व्यावहारिक आहे : दुय्यम (पुनर्चक्रित) माल नव्या मालाची जागा घेण्याऐवजी बाजारात भर घालत असेल, तर उत्खनन घटत नाही. जागतिक अर्थव्यवस्थेतील चक्रीयतेचे प्रमाण, म्हणजे एकूण वापरलेल्या पदार्थांत दुय्यम मालाचा वाटा, २०१८ च्या ‘सर्क्युलॅरिटी गॅप’ अहवालात ९.१% होते, २०२३ च्या अहवालात ते ७.२% आहे. या काळात पुनर्चक्रीकरण थांबलेले नव्हते. एकूण उत्खनन त्याहून वेगाने वाढत होते.