ग्लिझ ७१० : आपल्याकडे येणारा तारा

ग्लिझ ७१० हा भुजंग तारकासमूहातला एक नारिंगी खुजा तारा. आत्ता आपल्यापासून साधारण ६२ प्रकाशवर्षं लांब आहे, वस्तुमान सूर्याच्या साठ-सत्तर टक्के, दृश्यप्रत (दिसणाऱ्या तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) ९.७, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसायचा प्रश्नच नाही. नाव पडलंय जर्मन खगोलशास्त्रज्ञ विल्हेल्म ग्लिझ यांच्या जवळच्या ताऱ्यांच्या यादीवरून. असे तारे पैशाला पासरी, मग याचंच कौतुक का, तर हा जवळपास सरळ आपल्या दिशेने येतोय आणि साधारण १२ लाख ९० हजार वर्षांनी सूर्याच्या अगदी जवळून जाणार आहे.

येतोय हे कळलं कसं? ठाणे स्टेशनला प्लॅटफॉर्मच्या मुलुंडकडच्या टोकाला उभं राहा, लांबून फास्टचा दिवा दिसतो आणि बराच वेळ तो जागचा हलतच नाही, नवख्याला वाटतं गाडी सिग्नलला उभी आहे, रोजचा माणूस मात्र बॅग पुढे घेऊन तयार. या ताऱ्याचं तसंच. आकाशात तो बाजूला जवळजवळ सरकतच नाही, पण जवळ येणाऱ्या ताऱ्याचा सरकतो तसा त्याचा प्रकाश निळ्याकडे किंचित सरकलेला आहे, त्यावरून वेग निघतो सेकंदाला सुमारे १४ किमी. १८५३ साली पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली ते ३४ किमी हा अडीच सेकंदात कापेल!

किती जवळून जाणार हा आकडा मात्र बदलत गेला. हिपार्कस उपग्रहाच्या मोजमापांवरून एक प्रकाशवर्षाच्या आसपास वाटत होतं, गाया दुर्बिणीने ते पार खाली आणलं, आता सूर्य-पृथ्वी अंतराच्या साधारण १३ हजार पट धरतात. सूर्य ठाण्यात तलावपाळीला आणि पृथ्वी एक मीटरवर ठेवली तर नेपच्यून ३० मीटरवर, हा तारा सरळ रेषेत वाशीला, आणि आत्ताचा सगळ्यात जवळचा शेजारी तारा प्रॉक्झिमा थेट कराडच्या पुढे.

म्हणजे ग्रहांना धक्का नाही. पण धूमकेतूंचं कोठार म्हणतात त्या ऊर्ट मेघातून हा आरपार जाईल, तिथले काही गोळे ढवळून आत येतील, तेही लगेच नाही, पोचायलाच लाखो वर्षं.

तेव्हा तो गुरूइतका झळकेल, आणि ४० वर्षांत पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढा सरकेल, ताऱ्याच्या मानाने ही धावपळच.

आज बघायचा तर टेलिस्कोप हवाच. भुजंगाच्या शेपटीतल्या ईटा ताऱ्यापासून साधारण एक अंशावर. नेमका जुलै-ऑगस्टमध्ये रात्री छान वर असतो, तेव्हा ठाण्यात आभाळ गच्च, त्यामुळे ऑक्टोबरात अंधार पडल्यापडल्या येऊरच्या बाजूला जाऊन पश्चिमेकडे कललेला पकडावा लागतो, घोडबंदरचा उजेड असतोच. दिसतो तोही नुसता ठिपका, आजूबाजूला तसलेच दहा, त्यातला आपला कुठला ते नकाशा बघूनच ठरवायचं.