ईमेलवरचा भूमिकाखेळ: पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

नाव नोंदवायला येणारे बहुतेकजण आधी हेच विचारतात, की यात नेमके करायचे काय? चार-सहा जण मिळून एक कथा लिहितात. प्रत्येकाकडे एक पात्र असते. आपले पात्र काय करते, काय बोलते ते लिहून सगळ्यांना मेल करायचे. पुढचा खेळाडू ते वाचून आपल्या पात्राचे लिहितो. अशा एकेका मेलला आम्ही वळण म्हणतो. शेवट कुणालाच ठाऊक नसतो, सूत्रधारालासुद्धा. सूत्रधार आमचा असतो. प्रसंग मांडणे, वाटेत भेटणारी किरकोळ पात्रे चालवणे आणि गरज पडेल तिथे फासे टाकणे ही त्याची कामे.

गोव्यातल्या पेडण्याकडच्या मंडळींना हे फार समजवावे लागत नाही. दशावतारात संवादांची वही नसते. आख्यान ठरते, सोंगे ठरतात आणि बोलणे तिथल्या तिथे सुचते. इथे मात्र उत्तर सुचायला तुम्हाला दोन दिवस मिळतात.

खेळ टपालाने चालवण्याची रीत ईमेलच्या आधीची. बुद्धिबळाचे डाव पत्रांतून फार पूर्वीपासून रंगत आले आहेत. अमेरिकेत रिक लूमिस यांनी १९७० मध्ये शुल्क घेऊन टपालाने खेळ चालवायला सुरुवात केली. १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिकाखेळ आला आणि एकेक पात्र घेऊन, सूत्रधाराच्या साथीने खेळायची पद्धत रुळली. टपालाच्या खेळांत चालीमागे पैसे घेत. आम्ही महिन्याचे शुल्क घेतो, कारण चालीमागे पैसे लावले की माणूस एकाच मेलमध्ये सगळे कोंबायला बघतो.

पात्र कसे घडवावे

अर्धे पान पुरे. नाव, वय, पोटापाण्याचा धंदा, त्याला हवी असलेली एक गोष्ट आणि तो लपवत असलेली एक गोष्ट. दहा पानांचा पूर्वेतिहास पाठवू नका. आम्ही तो वाचू, पण सोबतचे खेळाडू वाचणार नाहीत. सगळे काही जमणारे, कुणाला न घाबरणारे पात्रही नको. त्याच्यासोबत खेळणाऱ्याला करायला काही उरत नाही.

एक वळण लिहिताना

नवख्यांसाठी आम्ही बहुधा बेतीच्या धक्क्यावरची कथा घेतो. तारीख १८ डिसेंबर १९६१, गोवा पोर्तुगीजांकडून सुटायच्या आदल्या दिवसाची. भारतीय सैन्य संध्याकाळी बेतीपर्यंत आले आहे आणि मांडवीपल्याड पणजी आहे. सैन्य नदी ओलांडेल ते दुसऱ्या दिवशी सकाळी. मधली रात्र तुमची. समजा, तुमच्याकडे एक तांडेल, म्हणजे होडीवाला, आहे आणि दुसऱ्या खेळाडूकडे एक पदेर, म्हणजे पाववाला, ज्याची बहीण पणजीत आहे. तुम्ही असे लिहिलेत:

“तांडेलाने पदेराला होडीत बसवले. पदेर भीतीने रडू लागला. दोघे पल्याड पोचले, तिथे त्याला बहीण भेटली.”

वाचायला ठीक आहे, पण खेळ इथेच संपला. पदेर रडेल की नाही, होडीत चढेल की नाही, हे ठरवायचा हक्क पदेर चालवणाऱ्याचा. बहीण भेटते का, ते सूत्रधार बघेल. तुम्ही मात्र तिघांची कामे एकट्याने उरकलीत. आता हे बघा:

“तांडेलाने दोर सोडला, पण वल्ह्याला हात लावला नाही. ‘पल्याड कोण आहे तुझे?’ पदेराकडे न बघताच त्याने विचारले.”

दोनच वाक्ये, आणि पदेराला आता बोलणे भाग आहे. तो खरे सांगेल, खोटे सांगेल किंवा पाण्यात उडी मारेल. चांगले वळण आम्ही यावरूनच ओळखतो. भाषा किती सुंदर आहे, यापेक्षा पुढच्याच्या हातात तुम्ही काय ठेवलेत ते महत्त्वाचे. शंभर-दीडशे शब्दांत भागते. लिहिताना तृतीयपुरुषी, भूतकाळी ठेवले की सगळ्यांचे लिखाण सलग वाचता येते. कोकणी बोलणारे पात्र खुशाल कोकणीत बोलू दे.

जिथे यश-अपयशाचा प्रश्न येतो, तिथे पात्राने प्रयत्न केला एवढेच लिहून थांबा. सूत्रधार दोन फासे टाकतो. बेरीज आठ किंवा जास्त आली तर काम जमले. छत्तीसपैकी पंधराच शक्यता तुमच्या बाजूच्या, म्हणजे बहुतेकदा फसणारच. हे आम्ही मुद्दाम ठेवले आहे. होडी बिनबोभाट पल्याड गेली तर त्यात लिहिण्यासारखे फार थोडे असते.

मेलच्या सवयी

उत्तर देताना ‘रिप्लाय ऑल’ वापरा, नाहीतर कथा दोघांतच पुढे जाते आणि बाकीचे वाट बघत बसतात. सब्जेक्ट बदलू नका. तो बदलला की मेलची साखळी तुटते. शिवाय जीमेलमध्ये एका साखळीत शंभराच्या वर मेल झाले की नवी साखळी आपोआप सुरू होते, म्हणून नव्या प्रसंगाला नवा सब्जेक्ट सूत्रधारच देतो. खालचा जुना मजकूर छाटा. स्वतःचे काही सांगायचे असेल, म्हणजे “उद्या वीज नसणार” वगैरे, तर ते चौकटी कंसात लिहा. पात्राचे बोलणे आणि तुमचे बोलणे एकमेकांत मिसळले की गैरसमज होतात. तांडेल पदेरावर ओरडला म्हणून पदेरवाल्याने आम्हाला फोन करायचे कारण नाही.

वळण दोन दिवसांत आले नाही तर सूत्रधार एकदा आठवण करतो आणि मग तुमचे पात्र तात्पुरते बाजूला बसवतो. जमणार नसेल तर आधी कळवा, कारण विचारणार नाही. गणपतीच्या चवथीच्या दिवसांत खेळ बंदच असतो.

सोबतच्या खेळाडूंना तुमचा ईमेल पत्ता दिसतो. ऑफिसचा पत्ता देऊ नका, खेळापुरता वेगळा काढा. अठरा वर्षांखालील मुलांना पालकांच्या सहीशिवाय घेत नाही आणि त्यांचा गट वेगळा असतो.

नवी कथा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते. त्याआधी अर्ज आणि पात्राचे अर्धे पान पाठवा. पात्र सुचत नसेल तर पान कोरे ठेवून फक्त धंदा लिहा, बाकीचे सूत्रधाराशी बोलून ठरवता येईल.