आग सेकंदभराची, बॉयलर कायमचा गेला: विम्यात नुकसानीचं ‘कारण’ कसं ठरायला लागलं

गोव्यात झुआरीनगरच्या खत कारखान्यात ८ जानेवारी १९९९ ला दुपारी मेन स्विचबोर्डात शॉर्ट सर्किट झालं, फ्लॅशओव्हर झाला म्हणजे ठिणगी उडून क्षणभर आग भडकली, धूर-काजळी जनरेटरपर्यंत गेली, जनरेटर ट्रिप होऊन बंद पडला आणि अख्ख्या प्लांटची लाईट गेली. लाईट नाही म्हटल्यावर बॉयलरचं पाणी बंद, पण गरम गॅस मात्र आत येतच राहिला आणि बॉयलर डॅमेज झाला. फायर पॉलिसी होती. विमा कंपनीचं म्हणणं असं की बॉयलर आगीत जळलाच नाही, तो पाणी बंद पडल्यामुळे गेला, मग आगीचा क्लेम कसला? न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध झुआरी इंडस्ट्रीज ही ती केस, राष्ट्रीय ग्राहक आयोगातून सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. गोव्यात ज्याच्याकडे पॉलिसी आहे त्याला ही केस माहीत असायलाच हवी असं मला मनापासून वाटतं.

मुळात हा वाद खूप जुना. इंग्लिश कायदेपंडित फ्रान्सिस बेकनने सोळाव्या शतकाच्या शेवटी लिहून ठेवलं होतं की कायद्याने लांबचं कारण नाही, जवळचं कारण बघावं, नाहीतर कारणाचं कारण शोधत माणूस कुठेच थांबणार नाही. पुढे कितीतरी वर्षं ‘जवळचं’ म्हणजे वेळेने सगळ्यात शेवटचं असं धरलं जायचं. १८६३ ची एक इंग्लिश केस बघा: अमेरिकेत यादवी युद्ध चालू, केप हॅटरसचं दीपगृह दक्षिणेकडच्या फौजेने विझवलेलं, कॅप्टनचा अंदाज चुकला आणि कॉफी भरलेलं जहाज किनाऱ्यावर आदळलं. युद्धाचं नुकसान पॉलिसीत नव्हतं. कोर्ट म्हणालं दीपगृह लांबचं कारण, कॉफी गेली ती समुद्रामुळे, पण जी पोती सैनिकांच्या आडकाठीमुळे वाचवता आली नाहीत तेवढी युद्धाच्या खात्यात.

ब्रिटनचा १९०६ चा सागरी विमा कायदा आला आणि कलम ५५ मध्ये जवळच्या कारणाचा हा नियम पक्का झाला. आपल्याकडचा १९६३ चा कायदा त्याच वळणाचा, कलमाचा नंबरसुद्धा तोच, आणि कायदा समुद्राचा असला तरी तत्त्व आग, अपघात सगळीकडे लागतं.

खरं वळण १९१८ चं. इकारिया नावाच्या जहाजाला १९१५ मध्ये टॉर्पेडो लागला, तरी ते कसंबसं फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात आणलं. तिथे वादळ सुटलं, जहाज धक्क्यावर आपटायला लागलं, इथेच बुडलं तर धक्का अडेल म्हणून बंदरवाल्यांनी बाहेरच्या बाजूला हलवायला लावलं, तिथे दर ओहोटीला तळ जमिनीला टेकायचा, शेवटी बुडालं. शेवटचं कारण बघितलं तर समुद्रच. पण हाऊस ऑफ लॉर्ड्स, म्हणजे तेव्हाचं ब्रिटनचं सगळ्यात वरचं कोर्ट, म्हणालं, जहाज टॉर्पेडोच्या तावडीतून कधी सुटलंच नाही. त्यातले एक न्यायाधीश लॉर्ड शॉ यांनी सांगितलं की कारणं साखळीसारखी एकामागे एक नसतात, ती जाळ्यासारखी असतात, त्यात प्रभावी कोणतं ते शोधायचं. युद्ध पॉलिसीबाहेर, म्हणून मालक हरले.

आणि हाच विचार २००९ मध्ये झुआरीच्या बाजूने गेला, हे मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सुप्रीम कोर्टाने १८९३ च्या अमेरिकेतल्या लिन गॅस केसचा आधार घेतला, तिथेही आग एका जागी आणि मोडलेली मशिनरी भलतीकडेच. आग किती वेळ होती याला महत्त्व नाही, सेकंदाचा काही भाग असली तरी चालेल, मधले सगळे टप्पे तिनेच सुरू केले ना, मग कारण तीच. कंपनीचं अपील फेटाळलं.

याचा अर्थ दरवेळी विमेदारच जिंकतो असं नाही. २०१९ मध्ये अलका शुक्ला केसमध्ये माणूस मोटरसायकलवरून पडला आणि वारला, पण पडायच्या आधी हार्ट अटॅक आला होता, त्यामुळे अपघाताचे पैसे नाकारले गेले. ब्रिटनमध्ये १९७३ ला वेन टँक केसमध्ये असंही ठरलं की दोन कारणं बरोबरीची असतील आणि त्यातलं एक पॉलिसीने वगळलेलं असेल तर कंपनी सुटते.

आपल्याकडे पावसात घरावर माड पडतो, कौलं फुटतात, वासे मोडतात आणि सर्व्हेयर येऊन मोडलेला वासा नखाने खरवडून बघतो, आतून वाळवीचा भुसा निघाला की रिपोर्टमध्ये ‘जुनी झीज’ लिहितो. झीज पॉलिसीत सहसा वगळलेली असते, वादळ कव्हर असतं. वासा कमकुवत होता हे खरं असेलही, पण त्या रात्री तो मोडला कशाने? म्हणून माड तोडून हलवायच्या आधी फोटो काढा, पडलेल्या माडाचे, फुटलेल्या कौलांचे आणि जे वासे वाळवी नसूनही मोडले त्यांचे तर नक्कीच.