मे महिन्यातली कोरडी लादी

मे महिन्यात चाकरमानी गावी येतो, आंबे खातो आणि घरभर नजर फिरवून म्हणतो, "गणपतीच्या आत लादी बदलून टाकू." गुहागरच्या मावशीकडे मीही तेच म्हणालो होतो. जुनी लादी फोडायची की तिच्यावरच नवी टाइल बसवायची, एवढाच प्रश्न होता. मावशी म्हणाली, "आषाढात ये, मग सांग."

गवंडी आला आणि खिशातल्या नाण्याने लादी वाजवत फिरला. या वाजवण्यामागे सरळ विज्ञान आहे. खालच्या कोब्याला घट्ट चिकटलेली लादी एकटी थरथरू शकत नाही, म्हणून आवाज भरीव आणि आखूड येतो. सुटलेली लादी मात्र डफाच्या चामड्यासारखी कंप पावते आणि पोकळ बोलते. एखाददुसरी पोकळ निघाली तर तेवढीच काढून जागा भरून घेता येते. दर चार-पाचांत एक बोलायला लागली, तर मी तरी तिच्यावर नवी टाइल बसवणार नाही. पाया सुटलेला असेल तर वरचं कितीही महाग असो, तेही सुटणारच.

वजनाची भीती बहुतेकांना वाटते. ९ मिलिमीटर जाडीची टाइल आणि तिच्याखालचा चिकट थर मिळून चौरस मीटरला साधारण ३० किलो भरतात. राहत्या खोलीचा स्लॅब माणसं आणि सामान यांच्यासाठी चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरून आखलेला असतो. म्हणजे धडधाकट स्लॅबला हे ओझं सहसा जड नाही. सळ्या गंजून पोपडे पडलेल्या स्लॅबची गोष्ट वेगळी. खरी अडचण उंचीची होते. अर्धा इंच जमीन वर आली की दारं घासतात आणि न्हाणीतलं पाणी बाहेर यायला वाट शोधतं.

चिकटण्याचं गणित जरा निराळं आहे. सिमेंटचा माल धरतो तो छिद्रांत शिरून. त्याचे स्फटिक तिथेच वाढतात आणि मुळांसारखे रुततात. व्हिट्रिफाइड टाइल स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी पीत नाही. शिवाय खाली गुळगुळीत जुनी लादी असेल, तर सिमेंटला रुतायला जागाच उरत नाही. म्हणून पॉलिमर मिसळलेलं टाइल अॅडहेसिव्ह लागतं. पिशवीवर आयएस १५४७७ हे मानक आणि 'जुन्या टाइलवर चालेल' असा उल्लेख, दोन्ही बघून घ्यावेत. जुन्या लादीवरचं मेण आणि स्वयंपाकघरातला तेलाचा थर ग्राइंडरने खरवडला नाही, तर तेही वाया.

इथपर्यंतचं सगळं नागपूरलाही लागू आहे. किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे ओल.

आपली जुनी घरं जांभ्याच्या जोत्यावर उभी आहेत आणि जांभा म्हणजे भोकांचा दगड. बारीक छिद्रांतून पाणी आपोआप वर चढतं. १ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत ते जेमतेम १५ मिलिमीटर चढेल. त्रिज्या शंभरपट कमी केली तर दीड मीटर. त्यात कधीकाळी खाडीची वाळू न धुता वापरली असेल, तर तिच्यातलं मीठही असतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळतं, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर ती दिवसेंदिवस ८० च्या वर असते. मग ऑक्टोबरच्या उन्हात तेच पाणी सुकतं, छिद्रांत मिठाचे स्फटिक वाढतात आणि मालाला आतून फोडतात. लादीच्या सांध्यांत दिसणारी पांढरी बुरशी बऱ्याचदा बुरशी नसते, तो खार असतो.

आता मोझॅकच्या लादीवर व्हिट्रिफाइड टाइल बसवली की काय होतं? मोझॅक शेवटी सिमेंटच. ओल हळूहळू तिच्यातून उडून जात होती. आपण वर झाकण घातलं. ओल थांबत नाही, बाजूला वळते आणि वर्ष-दोन वर्षांत भिंतीच्या तळाचा गिलावा सुटायला लागतो. दोष मात्र रंगाऱ्याला मिळतो.

म्हणून मे महिन्यातली लादी काही सांगत नाही, तेव्हा ती सर्वांत कोरडी असते. जुलैत कोपऱ्यातली एक लादी उचलावी, खालच्या कोब्यावर दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करावं आणि दुसऱ्या दिवशी उघडावं. आत थेंब दिसले, कोबा काळवंडला, तर तळमजल्याची लादी काढलेलीच बरी. पण नुसती काढून पुन्हा तशीच बसवली तर खर्च फुकट. खाली जाड खडीचा थर हवा, कारण खडीतल्या मोठ्या फटींतून पाणी वर चढू शकत नाही. त्यावर जाड प्लॅस्टिक आणि मग कोबा. फोडताना पाणी मारत राहावं आणि चांगला मास्क लावावा. त्या धुळीतली बारीक सिलिका फुप्फुसात गेली की परत येत नाही, आणि ती आपल्यापेक्षा गवंड्याच्या वाट्याला जास्त येते.

मावशीकडे आषाढात गेलो. वरच्या मजल्यावरच्या खोलीची लादी भरीव वाजली आणि कोरडीही होती, तिथे जुन्यावरच नवी बसवायचं ठरलं. माजघरातल्या प्लॅस्टिकखाली सकाळी थेंब जमले होते. खोदकाम दिवाळीनंतर काढायचं ठरलं आणि त्या वर्षी गणपती जुन्याच लादीवर बसला.