टास्कबार

टास्कबार : संगणकाच्या पडद्याच्या कडेला, बहुधा तळाशी, कायम दिसणारी पट्टी. तिच्यावर चालू कार्यक्रमांची चिन्हे असतात आणि त्यांवर क्लिक करून एका कार्यक्रमातून दुसऱ्यात जाता येते. ‘कार्यपट्टी’ असा मराठी प्रतिशब्द करता येतो. बोलण्यात मात्र ‘खालची पट्टी’ एवढ्यावर भागते. तिचा उपयोग संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असल्याने तो येथे विस्ताराने दिलेला नाही. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज या संगणक-प्रणालीच्या विंडोज ११ (५ ऑक्टोबर २०२१) या आवृत्तीत पट्टीची मांडणी बदलल्यामुळे तिच्या उगमाचा जुना वाद पुन्हा महत्त्वाचा ठरतो.

उगम : पट्टी पहिल्यांदा कोणी आणली, याविषयी एकमत नाही. एका मतानुसार तिचे मूळ एकॉर्न या ब्रिटिश कंपनीच्या ‘आर्थर’ प्रणालीत (१९८७) सापडते. तिच्या तळाशी चिन्हांची एक पट्टी असे. आर्थरची उत्तराधिकारी ‘रिस्क ओएस’ हिच्यात या पट्टीच्या डावीकडे तबकड्या आणि उजवीकडे चालू कार्यक्रम अशी विभागणी रूढ झाली. दुसरे मत नेक्स्टस्टेप (१९८९) प्रणालीतील ‘डॉक’ या चिन्हांच्या पट्टीकडे बोट दाखवते, तो पडद्याच्या उजव्या कडेला उभा असे. ॲपलने पुढे नेक्स्ट कंपनी विकत घेतली आणि हाच डॉक २००१ च्या मॅक ओएस टेनमध्ये तळाशी आडवा झाला. ही वंशावळ स्पष्ट आहे, पण ती मॅकची आहे.

विंडोजपुरते पाहिल्यास मूळ घरातच आढळते. विंडोज १.० (नोव्हेंबर १९८५) मध्ये खिडक्या एकमेकींवर न चढता फरशांसारख्या शेजारी लागत, आणि बाजूला ठेवलेले कार्यक्रम तळाच्या ओळीत चिन्हरूपाने दिसत. विंडोज २.० मध्ये (१९८७ अखेर) खिडक्या एकमेकींवर चढू लागल्या आणि ही राखीव ओळ गेली. चिन्हे पार्श्वभूमीवर पडून राहू लागली आणि कोणतीही खिडकी मोठी केली की तिच्याखाली झाकली जाऊ लागली. विंडोज ३.१ पर्यंत हीच स्थिती होती. लहान केलेला कार्यक्रम ‘हरवला’ असे समजून नवखा माणूस तो पुन्हा नव्याने उघडी. विंडोज ९५ मध्ये टास्कबार आला. त्या आवृत्तीच्या घडणीतील चाचण्यांविषयी मायक्रोसॉफ्टमधील केंट सलिव्हन यांनी १९९६ मध्ये जे लिहिले, त्यात चढत्या खिडक्यांनी नवख्यांची उडणारी ही तारांबळ ठळकपणे येते. परकीय प्रभाव पूर्णपणे नाकारता येत नसला, तरी टास्कबार म्हणजे गमावलेल्या तळओळीची भरपाई, हे मत अधिक समाधानकारक वाटते.

पट्टीच्या श्रेयात डॅनियल ओरन या मायक्रोसॉफ्टमधील संकल्पकाचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. पट्टीवरील स्टार्ट बटणाचे (कार्यक्रमांची यादी उघडणाऱ्या बटणाचे) श्रेयही त्यांच्याकडेच जाते.

‘ट्रे’ की टास्कबार : घड्याळाजवळच्या कोपऱ्याला पुष्कळ लोक ‘सिस्टिम ट्रे’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टमधील रेमंड चेन यांनी हे नाव चुकीचे ठरवले असून त्या जागेचे खरे नाव ‘नोटिफिकेशन एरिया’ असल्याचे ते सांगतात. गोंधळाचे मूळ विंडोज ९५ च्या प्राथमिक आवृत्त्यांत आहे. तेव्हा तळाची अख्खी पट्टी म्हणजे टेबलाच्या खणातील किरकोळ वस्तू ठेवण्याचा ट्रे अशी कल्पना होती आणि तीत वस्तू ओढून टाकता येत. कल्पना बदलली, तरी आज्ञावलीतील अंतर्गत नावात ‘ट्रे’ शिल्लक राहिला. पट्टी ही वस्तू ठेवण्याची जागा की चालू कामांची यादी, ही द्विधा तेव्हापासूनची आहे. विंडोज ७ (२००९) मध्ये बंद कार्यक्रमांची चिन्हेही पट्टीवर टाचता येऊ लागली, तेव्हा ट्रे एका अर्थाने परतला.

स्टार्ट बटण व कोपरा : प्राथमिक आराखड्यात ‘सिस्टिम’, ‘फाइंड’ आणि ‘हेल्प’ अशी तीन बटणे होती. ती एकत्र करून ‘स्टार्ट’ हे एकच बटण ठेवण्यात आले. तरीही विक्रीस आलेल्या विंडोज ९५ मध्ये (२४ ऑगस्ट १९९५) पहिल्यांदा संगणक सुरू केल्यावर ‘इथे क्लिक करा’ सांगणारा बाण पट्टीवरून सरकत येऊन बटणाला धडके.

डाव्या खालच्या कोपऱ्याचे महत्त्व सामान्यतः पॉल फिट्स यांच्या १९५४ च्या नियमाने स्पष्ट करतात : लक्ष्य जितके जवळ व मोठे, तितके ते गाठायला कमी वेळ लागतो. माऊसचा बाण पडद्याच्या कडेला अडतो, म्हणून कोपऱ्यातील बटण नेम न धरता सापडते. गंमत अशी की, विंडोज ९५ मध्ये बटण आणि कड यांच्यात काही बिंदूंची फट होती. अगदी कोपऱ्यात क्लिक केल्यास ते वाया जाई. पुढच्या आवृत्त्यांत फट बुजवली गेली. विंडोज ८ (२०१२) मध्ये बटणच काढले गेले आणि वर्षभराने ८.१ मध्ये परत आणावे लागले.

विंडोज ११ मधील बदल : चिन्हे पट्टीच्या मधोमध आली. रुंद पडद्यावर मध्य जवळचा, हे त्याचे समर्थन. परंतु मध्यस्थितीत बटणाला पक्की जागा नसते. नवा कार्यक्रम उघडला की सगळी रांग थोडी डावीकडे सरकते. फिट्सच्या नियमाने पाहता हा बदल तोट्याचाच म्हणावा लागतो. सेटिंग्जमधून रांग पुन्हा डावीकडे नेता येते. पट्टी वर किंवा बाजूला नेण्याची विंडोज ९५ पासूनची सोय पहिल्या आवृत्तीत नव्हती. पट्टीवरील चिन्हांवर फाइल ओढून नेणेही तेव्हा शक्य नव्हते. ते २०२२ मध्ये परतले. चिन्हांशेजारची नावे आणि खिडक्या सुट्या दाखवण्याचा पर्याय २०२३ च्या अखेरच्या महिन्यांत आला. गोलाई दिलेले कोपरे वगैरे बदल दिखाऊ स्वरूपाचे आहेत.

सोलापुरातील वापर : राज्यात इतरत्र झाले तसे सोलापुरातही अनेकांनी संगणकाचा पहिला धडा एमएस-सीआयटीच्या वर्गात घेतला आणि ‘डाव्या कोपऱ्यातले स्टार्ट’ ही जागा हाताने पाठ केली. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यावर नव्या आवृत्तीकडे वळलेल्यांना हा पाठ आडवा येतो. त्या कोपऱ्यात आता हवामानाची खूण असते आणि बाण तिच्यावर ठरला की बातम्यांचा फलक उघडतो. एप्रिल-मे महिन्यांत स्टार्ट शोधणाऱ्या सोलापूरकराला चाळिशीच्या पुढचे तापमान दिसते, जे त्याला खिडकीबाहेरूनही कळत असते.

छपाई व डीटीपीच्या (संगणकावर पाने जुळवण्याच्या) कामात नावांचा प्रश्न अधिक जाणवतो. लग्नपत्रिका, बिलबुक आणि गड्डा यात्रेचा फलक अशी तीन फोल्डरे उघडी असली, की सुरुवातीच्या विंडोज ११ मध्ये ती एकाच चिन्हात मिटत. बाण वर नेल्यावरच छोटी चित्रे दिसत. त्यातही जुन्या, युनिकोडपूर्व (सर्व लिपींसाठीचा समान अक्षरसंकेत येण्याआधीच्या) मराठी फाँटांतील मजकूर पट्टीवर वाचता येत नाही, कारण पट्टी प्रणालीचाच फाँट वापरते. म्हणून अशा कामांची नावे रोमन लिपीत देण्याची रीत पडली. चादरींच्या जेकार्ड नमुन्यांच्या (विणीतच उमटणाऱ्या नक्षीच्या) कामात पट्टी बाजूला लावण्याचा फायदा उघड आहे : नमुना चौकटीचौकटीने आखायचा असतो, आणि पडद्याची उंची जेवढी मोकळी तेवढ्या जास्त ओळी एका नजरेत येतात.

मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या या शहरात पट्टीवरील भाषेच्या खुणेला विशेष महत्त्व आहे. विंडोज कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून कळफलक बदलता येतो. विंडोज ११ मध्येही ही खूण पूर्वीसारखीच उजव्या टोकाकडे, घड्याळाच्या अलीकडे आहे.